काठ्याचा राता

“आमचा बी परत द्या, साहेब,” असं म्हणत जोमा पाटील चपला दाराशी काढून आत आला आणि हातातली सुक्या वाकटी मासळीची जुडी त्यानं माझ्या टेबलावर, थेट नोंदवहीवर ठेवली.

वैशाखातली अकराची वेळ होती. मी वाकट्या उचलून आधी खिडकीत ठेवल्या आणि नोंदवही पुसून घेतली. माझा स्वभावच तसा आहे. घरी मी चमचेसुद्धा उंचीप्रमाणे लावतो. बायको म्हणायची, “यम न्यायला आला तरी तुम्ही आधी रेड्याची जात विचाराल.” भात संशोधन केंद्रात मला नोकरीही तशीच मिळाली होती. गावोगावचे भाताचे वाण गोळा करायचे, मोजायचे, कुठला कुठल्या गटात बसतो ते ठरवायचं आणि नंबर घालून बाटलीत ठेवायचे.

“कुठलं बी, पाटील?”

“कंचा म्हंजे? काठ्याचा राता. मूठभर द्या, जास्ती नको. तुमची बाटली रिकामी करावाला नाय आलाव.”

जोमा पन्नाशीचा, उन्हानं वाळलेला आणि अतिशय थट्टेखोर माणूस. सहा वर्षांपूर्वी त्याच्या करंजखार गावात मी दोन दिवस राहिलो होतो. तेव्हाही तो असाच खेकड्यासारखा आडवा बोलायचा. आज मात्र बोलून झाल्यावर तो हसला नाही. मी विचारलं, “बांध फुटला की काय?”

“भादव्याचे आवसेला. खांड गेली येवरी.” त्यानं दोन्ही हात फाकवले आणि ते पुरेनात म्हणून दाराकडे बोट केलं. “येच्यातून हत्ती जाल. रातभर खाडी शेतान. आमी माघान बुजवली, पन पान्यानी करावाचा तो करून ठेवला.”

खारेपाटातली ही गावं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तिथली शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. खाडी आणि शेत यांच्यात मातीचा एक बांध असतो, त्याला ते काठा म्हणतात. या काठ्याला भगदाड पडलं, म्हणजे खांड गेली, की खारं पाणी आत येतं, आणि एकदा आलं की मीठ जमिनीत बसतं. तीन पावसाळ्यांचं गोडं पाणी वरून वाहून गेल्याशिवाय त्या जमिनीत भाताची काडी उभी राहत नाही.

“किती जमीन?”

“सगलीच. चालीस एकर. मधलीबी गेली.” जोमा खुर्चीच्या टोकावर बसला. “आता आयका. पेनवरून एक मानूस येतंय फटफटीवर. कंपनीला जमीन पायजे. कागुद घेऊन घरोघर बसतंय, बोलतंय, खारीन आता काय पिकनार, सया करा. निम्मा गाव तयार हाय. माजा भाऊबी तयार हाय. मी बोललो, थांबा. काठ्याचा राता भोयटेसाहेबांकरे हाय. आवंदा बांधाखाली मूठभर फेकू. तो उभा रायला का पुरचे वर्साला सगल्यांना बी होल. गाव बोलला, बरा, उभा रायलेला दाखव.”

“आणि नाही उभा राहिला तर?”

“आसा कसा व्हल?” तो म्हणाला. “माजे आज्याचे येली दोनदा खांड गेलेली. दोनी खेपेला त्यानीच गाव जगवलाय.”

मी त्याच्यासाठी चहा सांगितला आणि किल्ल्या घेऊन उठलो.

सहा वर्षांपूर्वी मी त्या पट्ट्यात जीप आणि कापडी पिशव्या घेऊन हिंडलो होतो. तेव्हा तीनशे अकरा नमुने गोळा केले. प्रत्येक गावाची वर्गवारी ऐकून माझं डोकं फिरायचं. आम्ही भात ओळखतो ते त्याच्या अंगावरून. कुसळ आहे की नाही, तुसाचा रंग कोणता, दाणा केवढा, लोंबी किती दिवसांत येते. करंजखारची माणसं मात्र भात कुठे उभा राहतो ते सांगायची. गोड्याचा राता, मधल्याचा राता, काठ्याचा राता. राता म्हणजे लाल दाण्याचा भात. तिन्ही लाल, तिन्ही जाडे, आणि मी पट्टी लावून मोजले तर तिन्ही सारखेच.

“नवरी बगावाला आलाव का भात?” जोमानं तेव्हा विचारलं होतं. “उंची मापताव, रंग बगताव. नांदल का ते इचारा.”

त्या गावात एक रीत होती. बांधाला लागून दहा गुंठ्यांची एक पट्टी होती, जिथे खारं पाणी बारा महिने पाझरायचं. तिथे दरवर्षी काठ्याचा राता लावायचा, पाळीपाळीनं, एका वर्षी एका घरानं. पीक येऊन जाऊन दोन मण. भात असा जाडा की म्हाताऱ्यांना चावत नसे. तो कुणी विकायचा नाही, लग्नात रांधायचा नाही, फक्त बी धरून पुढच्या घराच्या स्वाधीन करायचं. बांध वीस-वीस वर्षं फुटत नसे, तरी पाळी चुकत नव्हती. मी गेलो त्या वर्षी पाळी जोमाची होती, आणि दोन मणांसाठी चार महिने राबावं लागतं म्हणून तो करवादला होता.

मी तेव्हा तिशीचा होतो आणि माझ्या बाटल्यांचा मला फार अभिमान होता. त्याच्या ओटीवर पंधरावीस माणसांसमोर मी म्हणालो, “मग हा खटाटोप करता कशाला? मला एक शेर बी द्या. आमच्या केंद्रात ते कायम राहील. दर तीन वर्षांनी आम्ही ते पेरून ताजं करतो. तुमचा बांध फुटेल तेव्हा येऊन घेऊन जा.”

“आन तुमचे हातून परला तं?”

“सरकारी बाटली आहे, पाटील. पडत नाही.”

सगळे हसले. जोमानं बी दिलं आणि त्या वर्षी पट्टी रिकामी ठेवली. पुढच्या घरानं पाळीबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, आता सरकार लावतंय. पाळी तिथेच मोडली. उरलेलं बी कुणी दळून खाल्लं.

करंजखार हे गाव आजही आहे, पण त्याची शेतं नाहीत. बांध फुटल्यावर लोकांनी तीन पावसाळे सही न करता काढले, रेशनवर आणि खाडीतल्या मासळीवर. शेवटी लोक थकले आणि चौथ्या वर्षी सगळी खार कंपनीला गेली, आणि तीही पहिल्यापेक्षा निम्म्या भावानं. ती तीन वर्षं त्यांनी का काढली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बियांच्या खोलीत जाऊन मी २१९ नंबरची बाटली शोधली. २१८ होती, २२० होती. मधे जागाही नव्हती, दोन्ही एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. मग नोंदवही काढली. २१९, काठ्याचा राता, करंजखार, देणार जोमा धाऊ पाटील. या ओळीवर लाल पेन्सिलीची रेघ होती आणि पुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, “२१२ सारखाच. दुबार. रद्द.”

आठवायला वेळ लागला नाही. तीन वर्षांपूर्वी सगळं बी पेरून ताजं करायची वेळ आली तेव्हा केंद्रात वाफे कमी पडत होते आणि मजूरही. प्रमुखांनी मला सांगितलं, सारखे असतील ते काढा. मी प्रत्येक वाणाची बत्तीस लक्षणं तपासली. रात्री स्वप्नातही कुसळं दिसायची. बत्तीसच्या बत्तीस जुळली की ते दोन वाण एकच समजायचे आणि ज्याचा नंबर आधीचा तो ठेवायचा, असा नियम मीच केला. तीनशे अकराचे एकशे चौऱ्याण्णव झाले. त्यावरच माझा पीएच.डी.चा प्रबंध उभा राहिला आणि तो विद्यापीठात जाऊन पडला होता. ऑगस्टमध्ये तोंडी परीक्षा होती.

२१२ नंबरचा राता आतल्या बाजूच्या एका गावचा होता, खाडीपासून पाच कोसांवर. गोळा केले त्या वर्षी आमच्या गोड्या पाण्याच्या वाफ्यात तो आणि जोमाचा शेजारी शेजारी उभे होते. कुणीही बघावं, सख्खे भाऊ.

मी नोंदवही घेऊन प्रमुखांच्या खोलीत गेलो. राजवाडेसाहेब तेव्हा निवृत्तीला आले होते आणि कुठल्याही गोष्टीनं दचकायचे नाहीत.

“मग अडचण काय आहे?” ऐकून घेऊन ते म्हणाले. “दोनशे बारा द्या.”

“साहेब, तो त्यांचा नाही.”

“वेगळा आहे?”

“तसं नाही. म्हणजे तक्त्याप्रमाणे सारखाच आहे.”

“भोईटे, एक काहीतरी बोला. सारखा असेल तर तो त्यांचाच आहे, द्या आणि मोकळे व्हा. वेगळा असेल तर तुमचा तक्ता चुकला, आणि तक्ता चुकला तर प्रबंध मागे घ्या. मी आजच पत्र लिहितो. लिहू?”

मी नोंदवही मिटली.

“खाऱ्या जमिनीत लावून पाहिले होते का तुम्ही दोन्ही?” त्यांनी चष्मा काढत विचारलं.

“नाही. आपल्याकडे खारी जमीन कुठे आहे?”

“मग तुम्हाला तरी कसं ठाऊक वेगळा आहे म्हणून? कदाचित उभा राहीलही.”

हे ‘कदाचित’ मला हवंच होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मी तर त्या काडीवर घरच बांधलं. खोलीत परत येऊन मी २१२ मधून दोन मुठी भात कागदी पाकिटात ओतला. पाकिटावर नंबर घालायची आमची शिस्त होती. पेन उघडलं आणि लिहिलं, २१९. खाली लिहिलं, काठ्याचा राता, करंजखार. माझं अक्षर चांगलं आहे, आणि त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्तच चांगलं आलं होतं.

बाहेर जोमा चहाची बशी पुसून बसला होता. पाकीट हातात घेताच त्यानं कपाळाला लावलं. त्याला वाचता येत होतं, नाव वाचून त्याचा चेहरा खुलला. मग त्यानं पाकीट उघडून चारपाच दाणे तळहातावर घेतले, अंगठ्यानं तूस काढलं आणि एक दाणा दाढेखाली धरला.

तो चावला आणि थांबला. दुसरा दाणा घेतला, तोही चावला. मी टेबलावरचे कागद सारखे करत होतो.

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “यो आमचाच ना?”

“म्हणजे काय? नाव लिहिलंय की.”

“नाव हाय. पन आमचा दाताखाली करक वाजतंय. याचा पीठ होतंय.”

“बी जुनं झालं की दाणा मऊ पडतो,” मी म्हणालो. हे साफ खोटं होतं, जुना दाणा उलट कडक होतो. नुसतं तेवढ्यावर भागेना म्हणून मी प्रबंधाची प्रत काढली, त्यातला तक्ता उघडला आणि त्याला वाचून दाखवायला लागलो. पानाचा रंग हिरवा, पेऱ्यावर जांभळी छटा नाही, कुसळ नाही, तूस पिवळट, लोंबी अर्धवट झुकलेली, दाणा लाल, आखूड, जाड. तो हात जुळवून ऐकत होता, कीर्तनाला बसल्यासारखा. बत्तीस लक्षणं संपायला दहा मिनिटं लागली. मी म्हणालो, “यातलं एक जरी वेगळं असतं ना पाटील, तर मी तुम्हाला हे दिलं नसतं.”

त्यानं तळहातावरचे उरलेले दाणे एकेक करून पाकिटात परत टाकले. खाली एक पडला होता, तो वाकून उचलला.

“नाय, तुमी सांगताव म्हंजे आसल,” तो म्हणाला. “आमी आडानी. वाकटी भाजून खा, नुसती तलू नका.”

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात माझी तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी तक्त्याचं फार कौतुक केलं. घरी पेढे वाटले, आणि तिसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता एस.टी.नं निघालो. करंजखारच्या फाट्यापासून तीन किलोमीटर चालत जावं लागतं, ते सगळं बांधावरून. एका बाजूला खाडी भरत होती. दुसऱ्या बाजूला, जिथे त्या दिवसांत हिरवागार भात गुडघ्याच्या वर असायला हवा, तिथे राखाडी चिखल होता आणि त्यावर मिठाची पांढरी साय. बगळेसुद्धा नव्हते.

जोमा बांधावर बसला होता, बुजवलेल्या खांडीपाशी. मला बघून त्यानं उठल्यासारखं केलं आणि पुन्हा बसला. त्याच्या समोर खाली ती दहा गुंठ्यांची पट्टी होती. तीत पिवळ्या काड्यांच्या ओळी दिसत होत्या, बोटबोटभर उंचीच्या आणि वाळलेल्या.

मी त्याच्याजवळ बसलो.

“उगवला होता?” मी विचारलं.

“चांगला उगवला. चार बोटा झाला. मंग पुनवेचा उधान आला, काठ्यातून पानी पाझारला. आठवे दिसाला पिवला, दहावे दिसाला गेला.” त्यानं हे असं सांगितलं की जणू दुसऱ्या कुणाचं शेत होतं.

मला वाटलं होतं तो चिडेल. शिव्या देईल अशी तयारी करून मी वाटभर चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर त्या शिव्या खाऊन मला मोकळं व्हायचं होतं.

“पाटील, तो तुमचा राता नव्हता.”

“ठाव हाय.”

“केव्हा कळलं?”

“तुमचेकरेच. पयला दाना चावला तवाच.”

“मग घेतलात कशाला? तिथेच माझ्या तोंडावर का नाही फेकलात?”

तो माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि त्यामुळेच मला तिकडे बघवेना. “तुमी वाचून दाखवला ना साहेब. बत्तीस गोष्टी. मना एकच ठावकी, दाताखाली वाजतंय का नाय. वाटेला येताना मी इचार केला, एक जाननारा चुकल, बत्तीस जाननारा कसा चुकल? मंग मीच सोताला बोललो, जोमा, तुजे दात गेले आता.”

खाडीचं पाणी बांधाच्या दगडांना लागत होतं. मी सगळं सांगून टाकलं. नोंदवहीतली लाल रेघ, २१२, राजवाडेसाहेबांचा प्रश्न, पाकिटावर लिहिलेला खोटा नंबर, प्रबंध. शेवटी त्यानं विचारलं, “मंग आमचा कंच्या बाटलीत हाय?”

“कुठल्याच नाही. रद्द केलेलं बी आम्ही ठेवत नाही.”

“काय करताव त्याचा?”

“केंद्रात कोंबड्या आहेत. त्यांच्या खाद्यात जातं.”

जोमा हसला. नाकातून, एकदाच. “कोंबऱ्यांना तरी कल्ला आसल, करक हाय म्हनून.” मग म्हणाला, “कनी ठरवला, दोनी सारखं म्हनून?”

“मी.”

“एकल्यानी?”

“एकट्यानं.”

“एक कागुद टाकाचा व्हता, साहेब. पंधरा पैशाचा. मी आलो आसतो, चावून सांगितला आसता.”

मी त्याचा हात धरायला गेलो, पण तो तंबाखू चोळत होता, आणि मी हात परत घेतला. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क आपल्याला नाही हेही कळत होतं. मी म्हणालो, “आजूबाजूच्या गावांत कुणाकडे असेल. मी फिरतो. जीप मागतो.”

“मी फिरलाव. आखाडान फिरलाव, सगली खार. नाय कोनाकरे.” त्यानं तंबाखू तोंडात टाकली. “आता चला घरा. गावातली मानसं येतील तुमाला बगावाला. पन आधी एक कबूल करा.”

“काय म्हणाल ते.”

“बी संपला ह्यो सांगू नका.”

मला काही समजेना.

“मी गावाला सांगितलाय, मोड आनताना माजे हातून चूक झाली. भिजवून गोनपाटान बांधला, दोन दीस उबला, निम्मा कुजला, उरलेला नाताकत व्हता म्हनून मेला. हसले मना. माजी मंजुला आजून बोलतंय. बोलूदे. पन त्यांना वाटतंय, साहेबांकरे बाटली हाय, पुरचे वर्साला परत मागू. म्हनून थांबलेत. आज कल्ला का जगान बी नाय, तं उद्या फटफटीवाला येल आन सांजचे पावत गाव इकला जाल.”

“पण पाटील, पुढच्या वर्षी तरी कुठून आणणार?”

“तीन पानकाले काढावाचे हान. एक गेला. पाऊस मीठ धुतंय, तोवर थांबले पायजेत, येवराच.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “बियानी नाय थांबवता आला. बियाचे नावानी तरी थांबवू.”

हे चूक आहे, असं मला म्हणायचं होतं. लोकांना खरं सांगितलं पाहिजे, ठरवायचं ते त्यांनी ठरवावं. पण खरेपणाबद्दल मी त्या माणसाला काय शिकवणार होतो? मी मान हलवली आणि आम्ही उठलो.

जोमाचं घर गावाच्या कडेला होतं. ओटीवर दहाबारा माणसं आधीच जमली होती. त्यांत त्याचा धाकटा भाऊ होता, सही करायला निघालेला. तो खांबाला टेकून उभा राहिला आणि माझ्याशी बोलला नाही. जोमाची बायको मंजुलाबाय पाण्याचा तांब्या घेऊन आली. उंच, आवाजाची खणखणीत बाई. तिनं मला पाणी दिलं आणि लगेच नवऱ्याकडे हात केला.

“बगितला ना साहेब, यांचा कारभार? पन्नास वरसं भात लावतान, आन मोड कुजवला. बारक्या पोरीला सांगितला आसता तं तिनी बरा केला आसता.”

“हो,” मी म्हणालो, “होतं कधी कधी.”

“व्हतंय कसा? गावाचे तोंडचा घास गेला!” तिचा आवाज एकदम चिरकला. ती पदरानं तोंड पुसून थोडी थांबली आणि मग तिनं विचारलं, “साहेब, खरा सांगा. तुमी दिलेला गेला. पन तुमचेकरे उरलाय ना आजून?”

खांबाजवळचा भाऊ सरळ उभा राहिला. सगळे माझ्याकडे बघत होते. जोमा मात्र अंगणाकडे तोंड करून उभा होता, त्याची फक्त पाठ दिसत होती.

“आहे,” मी म्हणालो.

“किती?”

“अर्धी बाटली.”

“मी बोलली ना!” मंजुलाबाय दिराकडे वळून म्हणाली, आणि बांध फुटल्यापासून ती पहिल्यांदाच हसत असावी, कारण बाकीची माणसं तिच्याकडे बघतच राहिली. “मी कवाची बोलतंय, साहेबांनी सगला दिला नसल. बी राखनारा मानूस सगला बी कवा हातचा सोरतंय का? साहेब शिकलेला मानूस हाय. त्यांना येवरा कलत नाय व्हय?”

ओटीवरची माणसं हसली. जोमा त्या सगळ्यांत मोठ्यानं हसला.